दोनदा म्हटलेला अर्धा चरण

वऱ्हाडात रिसोड तालुक्यातील रिठद गावी माझ्या आत्याबाई राहतात. त्यांच्या तोंडून उतरून घेतलेली जात्यावरची एक ओवी माझ्या संग्रही आहे. चरण दोनच. पहिल्यात भावाची गाडी शिवेला आली का, अशी पृच्छा. दुसऱ्यात आपण दिव्याला तेल घातले, एवढेच.

नुसती अक्षरे मोजली तर पहिल्या चरणात १० भरतात, दुसऱ्यात १२. ग्रांथिक ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा. मोठ्या अभंगात सहा सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. असा कोणताच हिशेब येथे लागत नाही. लागावा तरी कसा? जात्यापाशी माप असते ते हाताच्या फेऱ्याचे. अक्षरे उणी पडली तर स्वर लांबवावा, नाहीतर 'गं बाई' घालावे. यमकाचेही तसेच. 'शिवेला' आणि 'दिव्याला' यांचे जुळणे काटेकोर नव्हे; पण शेवटच्या 'ला'वर गळा इतका रेंगाळतो की कानास भेद जाणवत नाही. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त ११२९ च्या सुमारास झालेली आहे. छंदाचे हे कष्टाशी नाते इतके जुने आहे.

आत्याबाई पहिल्या चरणाचा उत्तरार्ध, ज्यात 'शिवेला' येते तो, दोनदा म्हणतात. एका विद्वान स्नेह्यांनी मला सुचविले की, ही पुनरुक्ती गाळावी, म्हणजे रचना सुबक होईल. ते मला पटत नाही. समोर बसलेली जाऊ तो अर्धा चरण उचलते आणि तेवढ्या अवकाशात पुढचा चरण मनात जुळतो, हा तिचा व्यवहारातला उपयोग झाला. या ओवीत मात्र त्याहून अधिक घडते. प्रश्न दोनदा विचारला जातो आणि दोन्ही वेळा उत्तर येत नाही. येते ते दिव्याचे तेल. तो भाऊ, म्हणजे माझे थोरले काका, त्यापूर्वीच निवर्तले होते. एकदा म्हटले तर ती चौकशी राहते. दोनदा म्हटले की वाट पाहणे होते.

घरोघरचे दळण आता गिरणीत जाते. तरी ही ओवी ऐकावयाची असेल तर आत्याबाई मूठभर ज्वारी आणावयास सांगतात. जाते फिरल्याखेरीज, त्या म्हणतात, दुसरा चरण आठवत नाही.