फुटाला एक सूत

आमची पिढी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ड्रॉइंग शिकली तेव्हा सूत्रं पुस्तकात कमी आणि मेस्त्रींच्या डोक्यात जास्त असत. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून साच्यासाठीचा लाकडाचा पॅटर्न मूळ मापापेक्षा मोठा करावा लागतो. किती मोठा? ‘बिडाला फुटाला सूत, पोलादाला दोन. पाठ कर.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा हा हिशेब झाला साधारण एक टक्क्याचा. पण टक्के काढत कोण बसणार? पॅटर्नवाल्याकडे त्यासाठी वेगळी पोलादी पट्टीच असे. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सुताने लांब. पट्टी लावायची, रेघ मारायची, सागवान कापायचं. गुणाकार पट्टीतच होऊन गेलेला. साध्या पट्ट्यांत ती मिसळू नये म्हणून मेस्त्री ती फडक्यात गुंडाळून ठेवत, आणि मागितली की आधी ‘कशाला?’ विचारत.

आता शिरोलीच्या फाउंड्रीतला पोरगा कुणाला काही विचारत नाही. मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नसलेलं फंक्शन तो स्वतःच लिहितो : नाव ‘आकुंचन’, कंसात माप आणि धातू. ओपनस्कॅडसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे एका ओळीत होतं. 2020 च्या डिसेंबरात एक्सेलमध्ये लॅम्डा जाहीर झालं, आता मॅक्रोला हात न लावता हिशेबनीससुद्धा आपलं फंक्शन बनवू शकतो. (नसलेलं हत्यार स्वतः घडवायची खोड कोल्हापूरला जुनीच. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ काढला.)

आमचं हत्यार घडवणं ऑटोलिस्पवर सुरू झालं. ऑटोकॅडमध्ये ते 1986 साली आलं, आमच्या टेबलांपर्यंत जरा उशिराच. सगळा कारभार कंसांचा. एक कंस मिटायचा राहिला की पडद्यावर ‘1>’ उमटे, दोन राहिले की ‘2>’, आणि कंस मिळेपर्यंत यंत्र गप्प. ‘फुटाला सूत’ त्याला शिकवायचं तर एक भागिले शहाण्णव. पण दोन्ही आकडे पूर्णांकात दिले की उत्तर चक्क शून्य. म्हणजे बीड आकसतच नाही! 1.0 लिहिलं की मग ते वठणीवर येई. अशी फंक्शनं फ्लॉपीवर घेऊन एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जायचं, बदल्यात त्यांची घ्यायची, वर एक चहा व्हायचा. आज फाइल क्षणात पोचते, आणि चहा ज्याचा त्याने प्यायचा.

पण खरं सांगायचं तर जुनं बरंचसं वाईट होतं. मेस्त्री रजेवर गेले की पॅटर्न अडे. त्यांची डायरी त्यांनाच वाचता येई, आणि ती तशी लिहिण्यात त्यांचा हेतू नव्हता असं छातीठोकपणे कुणी म्हणणार नाही. ट्रेसिंगवरचं एक माप बदलायचं तर ब्लेडने शाई खरवडायची, मग अमोनियाच्या वासात डोळे चोळत नव्या प्रिंट काढायच्या. तो वास आठवून आम्ही आता हळवे होतो. तेव्हा नाकाला रुमाल लावत होतो.

सगळ्यात जास्त भांडणं होत ती दुहेरी आकुंचनाची. लाकडी मास्टरवरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा आणि त्यावरून बिडाचं कास्टिंग. धातू दोनदा आकसणार. 300 मिलिमीटरचा भाग असेल तर बिडासाठी 303, त्यावर ॲल्युमिनियमचे सुमारे 1.3 टक्के, म्हणजे मास्टर जवळजवळ 307 चा. कुणी एकदाच धरलं की माल भंगारात, आणि मग ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘मला कुणी सांगितलंच नाही’ यांत दुपार जाई. नवा पोरगा फंक्शनच्या पोटात फंक्शन घालतो आणि घरी वेळेवर जातो. भांडण गेलं याचं दुःख करणं बरं दिसत नाही; पण त्या भांडणातच आम्ही धंदा शिकलो.

मेस्त्रींच्या हिशेबात आणखी एक गोष्ट होती, ती कुणाच्याच फंक्शनमध्ये आली नव्हती. साच्यातला आतला वाळूचा कोअर कडक असला तर तो आकसणाऱ्या धातूला अडवतो, मग सूत पुरं धरायचं नाही. निवृत्त झालेले मेस्त्री मध्यंतरी फाउंड्रीत सहज आले होते, तेव्हा पोराने त्यांना धरलं. ‘मेस्त्री, कडक म्हंजे किती? आकडा सांगा, घालतो.’ मेस्त्रींनी कोअरवर अंगठा दाबला. ‘एवढा.’

पोराने क्षणभर अंगठ्याकडे पाहिलं, फंक्शनमध्ये तिसरी जागा केली आणि तिथे 0.9 टक्के टाकलं. कास्टिंग मापात आलं. आम्हाला आनंद झाला, आणि जरा वाईटही वाटलं.