सावकाश एकवीस

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, दिल्लीची पूर्ण मॅरेथॉन फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. मधे राहतात जेमतेम पाच आठवडे, आणि तयारीच्या तक्त्यात तेच सर्वांत जड. मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी टेम्पो रन, रविवारी लांब पल्ला. अशात अर्धमॅरेथॉन जीव तोडून पळायची तर पुढचा आठवडा-दीड आठवडा पाय कामाचे राहत नाहीत. म्हणून ठरवलं की मुंबईला पळायचं, पण रविवारचा लाँग रन म्हणून. किलोमीटरला सात मिनिटं, एवढाच हिशेब. टायमिंगची चिंता बाकीच्यांनी करावी.

*

ग्रुपमध्ये हे सांगितल्यावर पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला : "मग पैसे कशाला भरलेस? सावकाश पळायला शिवाजी पार्क फुकट आहे की."

प्रश्न रास्त आहे. फी काही थोडीथोडकी नसते, आणि नाव नोंदवायला उशीर झाला म्हणून हळहळणारे दरवर्षी भेटतात. माझं उत्तर दोन भागांत. पहिलं, ही रंगीत तालीम. पहाटे अडीचला उठून खाल्लेलं पोटात टिकतं का, नवे बूट पंधराव्या किलोमीटरनंतर कुठे चावतात, एनर्जी जेलचं पाकीट गर्दीत, पळता पळता, घामेजल्या बोटांनी फाटतं का, हे रोजच्या रस्त्यावर कळत नाही. दुसरं उत्तर : सी लिंक. एरवी तिथे पायी माणसाला बंदी, दुचाकीलाही. त्यावरून पाहिजे त्या चालीनं जायला मिळतंय तर घाई कशाला करायची?

*

पश्चिम रेल्वे शर्यतीच्या पहाटे जादा लोकल सोडते. डब्यात सगळे बिबवाले. एरवी पहिल्या गाडीत पेंगणारी माणसं दिसतात. इथे जो तो टक्क जागा, आणि निम्मे जण केळं सोलतायत. समोरच्या बाकावर एक मुलगी बिब, म्हणजे शर्यतीचा नंबर, टी-शर्टला लावत होती. चार सेफ्टी पिना. एक लावली की शेजारच्या मैत्रिणीला "सरळ आहे का गं?", मग काढायची, पुन्हा लावायची. वांद्रे गेलं, माहीम आलं, तरी चौथी पिन दातातच. बोटं थरथरत होती तिची. पहिलीच शर्यत असावी.

*

माहीमचं रेतीबंदर, पहाटेचे साडेचार. स्पीकरवरचा निवेदक एवढ्या पहाटे एवढा उत्साह कुठून आणतो, त्याचं त्याला ठाऊक. शौचालयाची रांग संपता संपत नाही, रांगेतल्या गप्पांचा विषय एकच, "आज काय टार्गेट?" सब-टू, म्हणजे दोन तासांच्या आत, हे उत्तर सगळ्यांत जास्त. मी "लाँग रन आहे" म्हटलं की लोक दोन क्षण थांबतात आणि मग सहानुभूतीनं विचारतात, "इंज्युरी का?"

*

पहिले दोन किलोमीटर सर्वांत अवघड. दम अजिबात लागत नाही, हीच अडचण. रक्तात शर्यत चढलेली, डावीउजवीकडून माणसं सपासप पुढे चाललेली, बँडबाजा वाजतोय, आणि पाय आपोआप त्या लोंढ्याच्या तालावर पडू लागतात. घड्याळात पाहावं तर ६:०५. सात मिनिटं ठरली होती ना? आवरतं घेतलं. पुन्हा पाहिलं, ६:२०. आणखी आवरलं. मागून एकजण खेकसला, "बाजूनं चला ना साहेब!" बरोबर होतं त्याचं. हळू पळणाऱ्यानं डावी कड धरावी. मधोमध रमतगमत चालणाऱ्यांचा मलाही राग येतो, विशेषतः चौघे हातात हात घालून असतील तेव्हा.

वेग आवरणं हे कौशल्य आहे, हे पटायला शर्यतच लागते. एकट्यानं पळताना हळू जाण्यात कसलं कौशल्य?

*

माहीम कॉजवेवर मिठीच्या मुखाचा तो वास. मुंबईकराला डोळे मिटून सांगता यावं आपण कुठे आहोत. कुणीतरी ओरडलं, "श्वास धरा, श्वास धरा!" आणि सगळे हसले. हसता आलं, म्हणजे वेग बरोबर आहे. बोलता येणं ही सावकाश पळण्याची सगळ्यांत जुनी आणि स्वस्त चाचणी; पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं तर ठीक, शब्द तुटायला लागले तर हळू करा. हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र याहून फार निराळं सांगत नाही.

*

सी लिंक. पावणेसहाच्या सुमाराचा काळोख. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, त्यामुळे अर्धी शर्यत अंधारातच. वर दिव्यांत उजळलेल्या तारा, खाली दिसत नसलेलं पाणी, आणि पुढे हजारो पावलांची एकसारखी चटचट. गाडीतून जाताना हा पूल सपाट वाटतो. तो सपाट नाही. तारांच्या खांबांकडे जाताना हळूहळू चढतो आणि मांड्यांना ते बरोबर कळतं. ५.६ किलोमीटरचा हा पूल ३० जून २००९ ला उघडला. टोलनाक्यापासून टोकापर्यंत गाडीला काही मिनिटं लागतात. आज एवढ्या वेळात मला शेजारच्या माणसाची सगळी कथा ऐकून झाली.

ही कथा अशी. गृहस्थ सत्तरीच्या जवळपास, डोंबिवलीचे, बँकेतून निवृत्त. मी म्हटलं, "काका, मस्त चाललंय तुमचं." तर म्हणाले, "अरे, मस्त कसलं, मुलगा पुढे गेला टाकून. आणलं त्यानंच. म्हणाला बाबा, सोबत पळू. बंदूक वाजली आणि पोरगा दिसेनासा." मग थोडं थांबून, "त्याला सब-टू पाहिजे. मला नाश्ता पाहिजे." त्यांची चाल घड्याळासारखी. मनगटावर मात्र घड्याळ नव्हतं.

*

न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड हा या सावकाशीचा मोठा पुरस्कर्ता. त्याचा पीटर स्नेल ८०० मीटरचा धावपटू, म्हणजे दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीचा. त्याला लिडियार्ड रविवारी डोंगराळ वाटेनं सुमारे ३५ किलोमीटर पळायला लावी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं ८०० मीटरला सुवर्ण घेतलं, आणि लिडियार्डच्याच मरी हॅलबर्गनं त्याच दिवशी ५००० मीटरला. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन लेखक जो हेंडरसननं 'लाँग स्लो डिस्टन्स' या नावाचं छोटं पुस्तकच काढलं. लघुरूप एलएसडी, त्या काळात त्यावर विनोद झाले नसते तरच नवल.

या सावकाशीमागचं कारण साधं आहे. सावकाश पळताना शरीर चरबी जाळायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जेची कारखानदारी वाढते. स्नायूंतला साखरेचा साठा तिसाव्या किलोमीटरनंतर संपत येतो आणि मॅरेथॉनवाले ज्याला भिंत म्हणतात ती समोर उभी राहते. ती भिंत पुढे ढकलण्याचं काम आजच्यासारख्या रविवारी होतं. जोरात पळून हेच काम होत नाही असं नाही, पण त्याची किंमत पुढच्या आठवड्यात चुकवावी लागते.

*

पाण्याच्या टेबलाशी दरवेळी तोच प्रकार. अख्खी बाटली घ्यायची, दोन घोट प्यायचे, उरलेली रस्त्यावर. मागच्याच्या पायाखाली ती घरंगळते आणि तो घसरतो. टेबलापासून वीस पावलांवर पिंप ठेवलेलं असतं. तिथपर्यंत बाटली हातात धरणं २१ किलोमीटर पळणाऱ्याला का जड जातं, हे मला कधी कळलेलं नाही. मागून झाडू घेऊन येणाऱ्या बायका एका शब्दानं बोलत नाहीत.

सावकाश पळणाऱ्यानं आणखी एक सांभाळावं. रस्त्यावर वेळ जास्त, म्हणून पाण्याची टेबलंही निवांत भेटतात, आणि प्रत्येक ठिकाणी प्यायलाच हवं असं वाटतं. गरजेपेक्षा फार पाणी प्यालं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते निर्जलीकरणाइतकंच वाईट. तहान लागेल तेवढं प्यावं.

*

पेडर रोड. या रस्त्यावर एक निराळी टिपणवही भरेल.

पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना हा चढ पस्तिशीच्या आसपास लागतो, पाय आधीच मेलेले असताना. त्यांच्या तोंडून पेडर रोडचं नाव निघतं ते शिवीसारखं. आम्हा अर्ध्यावाल्यांना तो चौदा-पंधराच्या सुमारास भेटतो, म्हणजे तसा लाडात. तरी चढ तो चढच. माझा नियम असा की ठोके वाढू द्यायचे नाहीत, वाढले तर चालायचं. वाढले. चालायला लागलो. आणि इथेच पंचाईत. पेडर रोडवर चालायला परवानगीच नाही! फुटपाथवर घराघरांतून उतरलेली माणसं : नाइट सूटमधली मुलं, शाल पांघरलेल्या आज्या, कडेवर कुत्रं घेतलेल्या बाई. कुणाच्या हातात सोललेल्या संत्र्यांचं ताट, कुणाकडे चिक्की, एका छोट्या मुलीकडे वाटीत नुसतं मीठ. "अरे, कम ऑन अंकल! थोडंच राहिलंय, थांबायचं नाही!" त्यांना काय सांगणार, की बाई, मला थांबायचंच आहे, ठरवून थांबलोय? संत्र्याची फोड घेतली, मान डोलावली आणि चार पावलं पळून दाखवली. वळणाआड गेल्यावर पुन्हा चाल.

प्रभुकुंजच्या समोरून जाताना बरेच जण वर पाहतात. लताबाई तिथे राहत. शेजारी एक तरुण कानातली वायर काढून, हात जोडून पुढे गेला. तो काय ऐकत होता ते विचारायला हवं होतं.

मीठ मात्र उत्तम कल्पना. चिमूटभर जिभेवर ठेवलं, संत्र्याची आणखी एक फोड. पोटरीत गोळा येण्याची धास्ती असणाऱ्यांनी त्या मुलीसमोर चक्क रांग लावली होती.

*

मरीन ड्राइव्हवर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. आणि सावकाश पळण्याचं खरं बक्षीस इथे मिळालं. साडेसातच्या आसपास समोरून आधी पोलिसांच्या मोटारसायकली, मग घड्याळ लावलेली गाडी, आणि तिच्यामागे पूर्ण मॅरेथॉनचा एलिट जथा. त्यांची शर्यत उशिरा सुटते. सात-आठ जण एका ओळीत, खांदे हलत नाहीत, आणि आवाज इतका कमी की गेले कधी ते कळतच नाही. इथिओपियाच्या हायले लेमीनं २०२३ मध्ये मुंबईत २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद घेतली होती. म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं आणि एक-दोन सेकंद, तेही ४२ वेळा. माझ्या सात मिनिटांत तो माणूस सव्वादोन किलोमीटरहून जास्त कापतो.

आमच्या बाजूचे सगळे थांबून टाळ्या वाजवत होते. पावणेदोन तासांत अर्धमॅरेथॉन संपवणाऱ्यांना हे दिसलं नाही. ते एव्हाना आझाद मैदानात नाश्त्याच्या रांगेत.

काही वेळानं भारतीय मुली आल्या. सातारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर अशीच या रस्त्यावर भारतीय महिलांत पहिली येत राहिली, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. दुष्काळी माणदेशात जी सराव करत वाढली, तिला पेडर रोडचा चढ कितपत चढ वाटला असेल?

*

शेवटच्या दोन किलोमीटरला मोह. पाय ताजे, रस्ता सपाट, आणि घड्याळ सांगतंय की जरा दाबलं तर अडीच तासांच्या आत. काय मिळणार? काही नाही. तरी बोटं शिवशिवतात. चर्चगेटच्या वळणाशी डोंबिवलीचे काका पुन्हा दिसले, मगाचीच चाल, तोंडात चिक्की. त्यांच्या मागे लागलो आणि त्यांना ओलांडायचं नाही एवढंच पाळलं. मेडल दोघांनाही सारखंच मिळालं. काकांचा मुलगा कठड्यापाशी बसून पोटरी दाबत होता. सब-टू पाच मिनिटांनी हुकली म्हणे.

*

सोमवार. दादरच्या पुलाचा जिना नेहमीसारखा उतरलो, आडवं न होता. मंगळवारी इंटरव्हल, ठरल्याप्रमाणे. जेलचं पाकीट ओल्या बोटांनी फाटत नाही, तेव्हा दिल्लीला निघण्याआधी कोपऱ्यावर कात्रीनं थोडं कापून ठेवायचं. पहाटे केळं आणि पाव चालतो, दूध नको. उजव्या बुटात करंगळीला लागतंय, जाड मोजे बघायचे. आणि दिल्लीत पहाटे थंडी असते. स्टार्टला टाकून देता येईल असा एखादा जुना स्वेटर घरात शोधायला हवा.