व्हॉल्व्ह कधी बंद करायचा

माझं नाक आता पूर्वीचं राहिलं नाही. लागर बीअर आंबताना आधी गंधकाचा वास येतो, मग लोण्याचा. गंधक अजून कळतो, लोणी कळेनासं झालंय. म्हणून या हिवाळ्यात केगचा व्हॉल्व्ह बंद करायची वेळ भाच्याला विचारावी लागली.

मी आंजी मोठीचा. वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी. आंबवणं म्हणजे पोलिसांनी नाल्याकाठी ओतून दिलेला मोहा सडवा, एवढीच तिथली ओळख. बीअर शिकलो मिलवॉकीत. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती बीअर करमुक्त झाली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. आंजीला गेलो की हा विषय मी काढत नाही. आईच्या घराचा तेवढा मान राखायचा असतो.

इतक्या वर्षांत एकच गोष्ट सुटलेली नाही. बीअरमध्ये थोडी साखर उरलेली असतानाच केग बंद करायचा, म्हणजे यीस्ट स्वतःच गॅस भरतं. हायड्रोमीटर शेवटच्या आकड्याच्या तीन-चार अंक वर असताना बंद केला, तर दहा अंशांना १ बारच्या आसपास दाब चढतो आणि फेस हवा तसा येतो. पण शेवटचा आकडा आधी कळणार कसा? थोडी बीअर बाजूला काढून, भरपूर यीस्ट घालून, उबेला ठेवून तो काढता येतो, आणि मी काढतोही. तरी केग आपल्याच चालीने चालतो. लवकर बंद केला तर गंधक आत कोंडतो. उशीर झाला तर साखर संपते, मग वरून घालावी लागते, आणि महिनाभर थंडीत झोपलेलं यीस्ट तिला हातही लावायला तयार नसतं.

भाचा म्हणाला, "मामा, लोण्याचा वास आहे अजून, दोन दिवस उबेला राहू द्या." राहू दिलं. मला वाईट वाटलं. गेली कित्येक वर्षं पाहुण्यांना ग्लास देताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत आलोय. वासाची ही पारख फक्त मलाच जमते, हा माझा अभिमान होता.

इथे मिलवॉकीत बहुतेक जण फेसासाठी गॅसचा सिलिंडर लावतात आणि दोन दिवसांत मोकळे होतात. बुडबुडा दोन्हीकडे सारखाच, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण जिवंत यीस्ट भरताना शिरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं, सिलिंडर खात नाही. घाईचं काय होतं ते या शहराने पाहिलंय. श्लिट्झ या इथल्या बीअर कंपनीने १९७०च्या दशकात आंबवण्याचा वेळ कापला, चव गेली, गिऱ्हाईक गेलं, आणि १९८१मध्ये इथला कारखाना बंद पडला. कारणं इतरही होती, पण माझ्या लेखी पहिलं हेच.

सिलिंडर असेल तर निदान एक केग त्याच्याविना करून बघा. आणि घरात तरुण नाक असेल तर व्हॉल्व्हपाशी त्याला उभं करा.