तलावापासून सात मिनिटं

टुसॉनमध्ये घर घ्यायचं ठरलं तेव्हा एजंटबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, घरात सगळ्यात महत्त्वाचं काय हवं? नवरा म्हणाला, ऑफिस अर्ध्या तासाच्या आत. चिरंजीव म्हणाले, शाळा बदलायची नाही. मी म्हणाले, पोहायचा तलाव जवळ पाहिजे. बाईंनी ताबडतोब वहीत 'परसात पूल' असं लिहून घेतलं. इथे परसात पूल असलेली घरं पुष्कळ. पण त्या निळ्या डबक्यात चार हात मारले की भिंत येते, मला पंचवीस यार्डांची लेन हवी आहे, आणि ती पहाटे साडेपाचला उघडी हवी आहे, हे त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला घर नकोच आहे, घराबाहेरचं सगळं हवं आहे." बाई हुशार होत्या.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी (आणि मावशी, तुझ्यासाठी पुन्हा एकदा) सांगते. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि ट्रायथलॉन करते. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मध्ये विश्रांती नाही. पूर्ण अंतराची शर्यत असेल तर ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. सायकल पायाने मारायची असते, मोटर नसते. का करतेस, या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही, त्यामुळे तो विषय इथेच सोडू.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंट आणि वाळूच्या टेकड्या येतात. टुसॉन तसं नाही. हे सोनोरन वाळवंट. समुद्रसपाटीपासून साधारण ७३० मीटर उंचीवरचं खोरं, चारही बाजूंनी डोंगर, आणि जिकडेतिकडे हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग. पाऊस वर्षाला सरासरी अकरा इंच, त्यातला निम्मा पावसाळ्यात. आणि हो, इथेही त्याला 'मॉन्सून'च म्हणतात! जूनमध्ये दुपारचा पारा सरासरी ३८-३९ अंश. १९९० च्या जूनमध्ये एकदा ४७ पर्यंत गेला होता, तो इथला विक्रम. हे मी नागपूरला फोनवर सांगितलं तर काका म्हणाले, "मग त्यात काय? आमच्याकडे एवढं होतच असते." आम्हा नागपूरकरांचं उन्हाच्या बाबतीत कोणाशी पटत नाही. पण एक मात्र खरं. जुन्या घरांच्या छपरांवर इथेही आपल्यासारखेच पाण्याचे कूलर असतात, आणि पावसाळी हवा आली की तेही आपल्यासारखेच निरुपयोगी होतात. पहिल्यांदा तो ओला वारा अंगावर आला तेव्हा मला धरमपेठेतल्या मे महिन्याच्या दुपारी आठवल्या. फक्त खसचा वास तेवढा नव्हता.

असो. तर घर.

मजा अशी की या तीन खेळांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी घर लागतं. सायकलवाल्याला डोंगराच्या पायथ्याशी, धावणाऱ्याला सपाटीवर, नदीकाठी, आणि पोहणाऱ्याला जिथे पाणी असेल तिथे. वाळवंटात हे तिन्ही एका पिनकोडात सापडणं कठीण. चार वर्षं भाड्याच्या घरात राहून मी शहराचा नकाशा मनात पाठ केला होता. बँकेने किती कर्ज मिळेल ते सांगायच्या आधीपासून मला माझी जागा ठाऊक होती. ती ईशान्येला होती, कॅटलिना हायवे सुरू होतो त्याच्या अलीकडे.

या रस्त्याबद्दल मी आधीही लिहिलंय, पण पुन्हा लिहिणार. माउंट लेमनवर जाणारा हा घाट. खालून समरहेवन या वरच्या गावापर्यंत जवळजवळ ४० किलोमीटर सलग चढ. चढ फार उभा नाही, पण संपत नाही. सुरुवातीला सग्वारो, मग ते नाहीसे होतात आणि गवत व ओक येतात, चौदाव्या मैलाला विंडी पॉइंटचे दगडी सुळके, आणि शेवटी चक्क पाइनचं जंगल. खाली ३८ अंश असताना वर जाकीट घालावंसं वाटतं. मेक्सिकोहून कॅनडापर्यंतची झाडं एका सकाळी बघून होतात असं इथले लोक अभिमानाने सांगतात, आणि ते फारसं खोटं नाही. वरच्या कुकी केबिनमध्ये ताटलीएवढं बिस्किट मिळतं. तेवढ्यासाठी तीन-साडेतीन तास चढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातली एक रोज आरशात दिसते.

हा रस्ता कैद्यांनी बांधला. १९३३ मध्ये काम सुरू झालं, १९५० मध्ये संपलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना सरकारने छावण्यांत डांबलं, तेव्हा तो हुकूम मोडणारे गॉर्डन हिराबायाशी इथल्याच तुरुंग-छावणीत शिक्षा भोगत होते. आता त्या जागेला त्यांचंच नाव दिलंय. मी तिथे पाण्याची बाटली काढायला थांबते. ज्या चढावर आपण हौसेने घाम गाळतो तो चढ कोणीतरी शिक्षा म्हणून फोडलाय, हे लक्षात असलं की पाय दुखताहेत म्हणून कुरकुर करायची थोडी लाज वाटते.

तर सायकलीचं हे असं. पोहण्याचं काय? पोहण्याचा प्रश्न मुळात पाण्याचा. टुसॉनमध्ये पाण्याची नावं भरपूर. रियिटो म्हणजे छोटी नदी, पांतानो म्हणजे दलदल, तांके वेर्दे म्हणजे हिरवं तळं. वर्षातले बहुतेक दिवस तिन्ही कोरडी ठणठणीत. उघड्या पाण्यात पोहायचं तर पॅटागोनिया लेकला जायचं, गाडीने सव्वा तास. म्हणून रोजचं पोहणं तलावात, आणि तलावातलं पाणी? या शहराच्या नळाला येणारं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीचं. लेक हवासूपासून निघालेला ५४० किलोमीटरचा कालवा, आणि वाटेत पंपांनी ते पाणी जवळजवळ ८८० मीटर वर उचलायचं. १९९२ मध्ये ते पहिल्यांदा घराघरांत सोडलं तेव्हा जुन्या पाइपांतला गंज सुटून नळाला लालसर पाणी आलं. लोक इतके भडकले की १९९४ मध्ये ते बंद करावं लागलं. पुढे पाणी आधी जमिनीत मुरवून, भूजलात मिसळून, २००१ पासून पुन्हा सुरू झालं. आणि २०२१ मध्ये कोलोरॅडोच्या पाण्यात तूट असल्याचं इतिहासात पहिल्यांदा अधिकृतपणे जाहीर झालं. हे सगळं कळल्यावर स्वतःच्या परसात खाजगी पूल ठेवून उन्हात वाफ होऊ देणं मला पटेना. शंभर माणसांनी एका तलावात पोहावं, हे बरं. (नवऱ्याचं म्हणणं, हे तत्त्वज्ञान पूलवाल्या घराची किंमत ऐकल्यानंतर सुचलं. दुर्लक्ष करा.)

पण त्या सार्वजनिक तलावांची गंमत अशी की त्यांना वेळापत्रक असतं. हिवाळ्यात शहराचे बरेचसे तलाव बंद, मोजकेच चालू. वीज चमकली की सगळ्यांना बाहेर काढतात. डोंगर कुठे जात नाही, तलाव मात्र साडेपाचला उघडतो आणि आपण सहाला गेलो तर लेन मिळत नाही. पहाटे पावणेपाचला उठणाऱ्या बाईसाठी तलावापर्यंतची सात मिनिटं आणि बावीस मिनिटं यांत जो फरक आहे, तो शनिवारी डोंगरापर्यंत जाण्यात नाही. आठवड्यातून चार दिवस, जाऊन-येऊन पंधरा-पंधरा मिनिटं जास्त. गुणाकार करून बघा, झोप कुठून कापली जाते ते कळेल.

हे सगळं कळत असूनही मी ईशान्येकडचं घर बघायला गेले. गेले आणि प्रेमात पडले. घाटाचा फाटा सायकलने दहा मिनिटांवर. मागच्या अंगणातून कॅटलिना डोंगर असा समोर, की संध्याकाळी तो गुलाबी होताना चहा निवतो. रात्री अंधार इतका की आकाशगंगा दिसते. डोंगरांवर दुर्बिणी असल्यामुळे इथे बाहेरच्या दिव्यांवर १९७२ पासून नियम आहेत. मी मनातल्या मनात गॅरेजमध्ये सायकलींचे हुकसुद्धा ठोकले.

त्या दिवशी बाबा बरोबर होते.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नागपूरला रोज सकाळी साडेसहाला अंबाझरीच्या पाळीवर फिरायचे, पाच मित्र, नंतर टपरीवर चहा, नंतर राजकारण. त्यांना मधुमेह आहे, पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ते चालत नाहीत, माणसं भेटतात म्हणून चालतात. ते त्या घराच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले. रस्त्याला फूटपाथ नाही. शेजारचं घर एक एकर पलीकडे. अर्धा तास एक कुत्रं नाही, एक माणूस नाही, दोन गाड्या तेवढ्या गेल्या. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "छान आहे, बाप्पा. हवा छान आहे. पण इथे माणूस कुठे दिसून राहिला?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू. बाबांचा नव्हे, गणिताचा आला. सेहेचाळीसाव्या वर्षी अजून किती वर्षं मी हा घाट याच पायांनी चढणार? तेच बाबांच्या बाबतीतही विचारता येतं, हे दुसऱ्या क्षणी डोक्यात आलं आणि मग बोलण्यासारखं काही राहिलं नाही. गाडीत नवरा एवढंच म्हणाला, "तू ठरव." या दोन शब्दांइतकं जड ओझं नवरे क्वचितच देतात!

घर घेतलं ते रियिटोच्या काठाजवळ, शहराच्या मधोमध. जुनं, विटांचं, छपरावर कूलर. डोंगर दिसतो, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वाकडी करून. इथून घाटाचा फाटा पंधरा किलोमीटर. तलाव सात मिनिटं. आणि घरापासून चारशे पावलांवर 'लूप'.

लूप हे या शहराचं खरं भाग्य. कोरड्या नद्यांच्या काठाने गेलेला, गाड्यांना बंदी असलेला डांबरी मार्ग, सगळ्या फाट्यांसकट दोनशे किलोमीटरहून जास्त. त्याचं मूळ एका संकटात आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये इथे महापूर आला, काठ खचून घरं, पूल वाहून गेले. मग माती-सिमेंट घालून काठ पक्के केले, आणि त्या पक्क्या काठांवर हळूहळू हे रस्ते झाले. धावायला यासारखी जागा नाही. थंड हवा जड असते, ती रात्री डोंगरावरून उतरून नदीच्या पात्रात साचते. त्यामुळे जूनच्या पहाटे इथे वरच्या वस्त्यांपेक्षा गारवा, आणि जानेवारीत हातमोजे घालूनही बोटं बधिर. ॲरिझोना घड्याळ पुढे-मागे करत नाही, म्हणून जूनमध्ये सव्वापाचलाच सूर्य उगवतो. सातपर्यंत धावून घरात.

तक्रार एकच, सराटे. हो, आपलेच! शेताच्या बांधावर पायात घुसणारे तेच गोखरू, तीच वनस्पती, इथवर येऊन पोचली आहे. लूपच्या कडेला उतरलात की टायर गेलंच. पहिल्या महिन्यात मी चार ट्यूब बदलल्या. बाबांनी एक सराटा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा आपल्याकडचाच दिसते."

बाबा आता रोज लूपवर फिरतात. टोपी, काठी, खिशात कांदा (सांगून काही उपयोग नाही). त्यांची इंग्रजी आणि इथल्या लोकांची घाई यांचा मेळ बसायला वेळ लागला, पण कुत्रेवाले थांबतात. एक निवृत्त मेक्सिकन गृहस्थ आहेत, त्यांना गुडघ्याचं दुखणं आहे, बाबांनाही आहे. एवढ्या भांडवलावर दोघं बाकावर तासभर बसतात. संध्याकाळी सहाला नागपुरात सकाळचे साडेसहा, वर्षभर तोच फरक. मग अंबाझरीची मंडळी फोनवर चालतात आणि बाबा इथे हॉलमध्ये येरझारा घालतात.

माझा घाट आता शनिवारपुरता उरलाय. पंधरा किलोमीटर जायला, पंधरा यायला, उतरताना समोरून गरम वारा. परतीच्या सपाटीवर मी दर वेळी त्या घराचा फाटा ओलांडते. कोणीतरी तिथे राहायला आलंय. गॅरेजच्या दारात सायकल काही दिसली नाही.

गेल्या जुलैत एका रात्री डोंगरावर जोरात पाऊस झाला आणि सकाळी रियिटोला पाणी आलं. तपकिरी, फेसाळ, ओंडके घेऊन. लूपचे पुलाखालचे टप्पे बंद झाले, माझं लांब धावणं बोंबललं. पुलावर ही गर्दी! लोक मुलांना खांद्यावर घेऊन नदी बघायला आलेले. बाबाही त्यांच्यात, कठड्याला धरून. मी म्हटलं, घरी चला, उकडायला लागलंय. ते म्हणाले, "थांब ना जरा. आपल्या नाग नदीपेक्षा बरी आहे." मग शेजारच्या अनोळखी बाईंना पाण्याकडे हात करून इंग्रजीत म्हणाले, "गुड रिव्हर." त्या म्हणाल्या, "टुडे, येस."