नववा दिवा

बालमित्रांनो, सकाळी वर्तमानपत्र हातात घेतलं आणि पहिल्याच पानावरची बातमी वाचून पोटात गोळा आला, असं तुमचं कधी होतं का? लाजू नका. मी सातवीत होतो तेव्हा माझं रोज असंच व्हायचं. साल होतं 1992, महिना डिसेंबर आणि गाव आमचं भिवंडी.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. रात्रंदिवस मागांचा खडखडाट. पाहुण्यांना त्या आवाजानं झोप लागायची नाही आणि आम्हाला तो थांबला की जाग यायची! कारण माग थांबले म्हणजे एक तर वीज गेली, नाहीतर गावात काहीतरी बिनसलं. मे 1970 मध्ये आणि पुन्हा मे 1984 मध्ये आमच्या गावानं भयंकर दंगली पाहिल्या होत्या. त्यामुळे 6 डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि पाठोपाठ मुंबईत दंगल पेटली, तेव्हा आई रेडिओजवळून हलेना. जो तो म्हणे, "आता भिवंडीची पाळी."

अशात मी एक मोठी चूक केली. वाण्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "पाण्याच्या टाकीत विष घातलंय." मी धावत सुटलो आणि चाळीत प्रत्येक दारात ओरडून सांगितलं. बायकांनी भरलेले हंडे मोरीत ओतले. पुरुष काठ्या शोधू लागले.

तेवढ्यात बाबा आणि समोरच्या गल्लीतले चाचा स्कूटरवरून निघाले. अर्ध्या तासानं परतले. बाबा म्हणाले, "टाकी बघून आलो. काही झालेलं नाही." चाचांनी आमच्याच नळाचं पेलाभर पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा पिऊन टाकलं. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बेटा, आधी विचारायचं, मग ओरडायचं." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तुम्ही म्हणाल, हे दोघंच का गेले? तर ते मोहल्ला समितीत होते. 1988 मध्ये सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त भिवंडीत आले. दंगल झाल्यावर धावण्यापेक्षा ती होऊच नये म्हणून त्यांनी गावात सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान माणसं एकत्र बसायची, सोबत त्या भागातले पोलीस. नळाचं भांडण, गटाराचं भांडण, मिरवणुकीचा रस्ता, सगळं तिथं बोललं जायचं. त्यामुळे वेळ आली तेव्हा ही माणसं एकमेकांना नावानं ओळखत होती. मुंबई जळत होती. भिवंडीत मात्र दंगल झाली नाही.

काही दिवस बंद असलेली आमची शाळा पुन्हा उघडली. आमच्या वर्गशिक्षिका ठाण्याहून एस.टी.नं यायच्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. त्यांचे पूर्वज फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ते सांगतात. घाण्यावर तेल गाळायचं आणि शनिवारी काम बंद ठेवायचं, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांच्या सणांची नावंसुद्धा किती आपली! नव्याचा सण, खिरीचा सण. आमच्या बाईही शनिवारी रजेवर असायच्या.

सोमवारी, 21 डिसेंबरला बाई वर्गात आल्या. आम्ही सगळे गप्प. बाईंनी फळ्यावर नऊ दिवे काढले.

"आज आमच्या हनुक्काची तिसरी संध्याकाळ," त्या म्हणाल्या. मग गोष्ट सांगितली. सुमारे 2,200 वर्षांपूर्वी ज्यूंनी जेरुसलेममधलं आपलं मंदिर परक्या राजाच्या हातून सोडवलं. आत दिवा लावायला एकाच दिवसापुरतं तेल होतं. पण ते आठ दिवस पुरलं, अशी कथा आहे. म्हणून पहिल्या संध्याकाळी एक दिवा, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे आठव्या दिवशी आठ. गंमत म्हणजे, शतकानुशतकं तेल गाळणाऱ्या बेने इस्रायलींना हा तेलाच्या दिव्यांचा सण माहीतच नव्हता! नंतरच्या काळात इतर ज्यूंशी संबंध आला तेव्हा ते तो शिकले.

"बाई, दिवे आठ, मग हा नववा कशाला?" मी विचारलं.

"तो शमाश. म्हणजे सेवक. बाकीचे दिवे त्यानं पेटवायचे. तो मोजणीत धरत नाहीत."

मला एकदम पाण्याचा पेला हातात घेतलेले चाचा दिसले आणि स्कूटरवर पुढे बसलेले बाबा.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1993 मध्ये मुंबई पुन्हा पेटली. तेव्हाही भिवंडीतले माग चालू राहिले. बाबा रात्री उशिरा घरी यायचे आणि आम्ही तो खडखडाट ऐकत झोपायचो.

बाई निवृत्त झाल्यावर मुलाकडे इस्रायलला गेल्या. डिसेंबर 2023 मध्ये मी त्यांना फोन केला. ऑक्टोबरपासून तिथे युद्ध सुरू होतं. त्यांची नातवंडं भोंगा वाजला की तळघरात पळत होती; पलीकडे गाझात तर मुलांची घरंच उरली नव्हती. मी विचारलं, "बाई, कशा आहात?" त्या म्हणाल्या, "बातम्या ऐकवत नाहीत रे. आज चौथा दिवा लावला. उद्या पाचवा लावीन." थोडं थांबून म्हणाल्या, "तिकडच्या मुलांसाठीही मागते."

मित्रांनो, बातम्या आपण थांबवू शकत नाही. पण आज तुमच्या घरातल्या मोबाईलवर भीती घालणारा एखादा निरोप येईल, तेव्हा तो पुढे ढकलण्याआधी एकदा विचारा, "हे खरं आहे का?" आणि शेजारच्या गल्लीतल्या मुलांची नावं तुम्हाला माहीत नसतील, तर आज संध्याकाळी खेळायला जाताना विचारून या.