टाकीतले जुने पेट्रोल

'जतन' हा शब्द आम्ही वर्गात इतक्या वेळा उच्चारला आहे, की त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे गृहीतच धरून चाललो होतो. हस्तलिखितांचे जतन, बोलींचे जतन, परंपरेचे जतन. या गृहीताला तडा गेला तो सांगलीतल्या आमच्या अंगणात, एका जुन्या मोटारीचे बॉनेट उघडल्यावर.

मोटार अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. अण्णा २०१६ च्या उन्हाळ्यात गेले. त्यानंतर गाडी आम्ही जपली, म्हणजे तिच्यावर आच्छादन घातले आणि दर दसऱ्याला झेंडूचा हार चढवला. नऊ वर्षांत नऊ हार झाले. किल्ली मात्र एकदाही फिरवली नाही.

२०२५ साली आई म्हणाली, "अण्णांच्या गाडीतून एकदा वाडीला जाऊन येऊ." वाडी म्हणजे नरसोबाची. आईने ऐंशी ओलांडलेली, त्यामुळे त्या 'एकदा'चा अर्थ तिने सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही. गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण व्हायचे तरी आधी ती चालायला हवी होती. काम आपल्याच हातांनी करावे, असे आम्हांला वाटले.

टाकीचे झाकण उघडले तर पेट्रोलचा ओळखीचा वास नव्हता. जुन्या रोगणासारखा आंबूस दर्प होता. साठून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि उरलेला हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून चिकट होतो. आम्ही बॅटरीची तार सोडवली, वाळूची बादली शेजारी ठेवली आणि उघड्यावर टाकी रिकामी केली. तळाशी गंजाचा गाळ निघाला. मग कार्ब्युरेटर उतरवला. फ्लोटच्या कप्प्यात मधासारखा तांबूस थर बसला होता आणि जेटची छिद्रे बुजली होती.

इथे आमच्या हातून पहिली चूक झाली. जेटच्या छिद्रात आम्ही शिवणाची सुई घातली. जेट पितळेचे असते आणि इंजिनात किती पेट्रोल जावे हे त्या छिद्राच्या मापावरच ठरते. सुईने मळ निघाला, पण मापही बिघडले. इंजिन सुरू झाले ते काळा धूर ओकत, आणि प्लग काजळीने भरले. स्वच्छतेच्या भरात आम्ही मूळ पाठच बदलून टाकला होता. नवे जेट आणावे लागले.

धूर थांबला, तरी गाडी धड होईना. अंगणात ती तासभर बिनतक्रार चाले; घराजवळच्या लहानशा चढावर मात्र गुदमरून बंद पडे. आम्ही पुन्हा कार्ब्युरेटर उघडला. मग आणखी एकदा. दोष तिथेच असणार, कारण आम्हांला उघडता येत होते ते तेवढेच.

शेवटी एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. ते म्हणाले, "सर, तोंड किती वेळा धुणार? घोट मागनं येतोय का ते बघा की!"

टाकीकडून आलेली धातूची नळी पंपाला जिथे मिळते, तिथे वीतभर रबरी नळीचा तुकडा होता. बाहेरून तो धडधाकट दिसत होता. मिस्त्रींनी तो उभा चिरला, तेव्हा आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. अंगणात इंजिनाची तहान बेताची, तेवढे पेट्रोल फटीतून निभून जाई. चढावर पंपाची ओढ वाढली की ती जीभ वाट बंद करी. आपल्याकडे पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात २००३ साली झाली. २०२५ पर्यंत ते प्रमाण २० टक्क्यांवर गेले. जुन्या धाटणीचे रबर त्याने फुगते, सुटते. ज्या उसावर आमचा जिल्हा उभा आहे, त्याच उसापासून निघणाऱ्या द्रवाने अण्णांची नळी आतून सोलली होती.

ती नळी आम्ही पूर्वीच का बदलली नाही, हे कबूल केले पाहिजे. तिच्या टोकांना क्लॅम्प नव्हते. अण्णांनी तांब्याची तार नेटकी पिळून ती आवळली होती. तारेचे एकेक वेढे त्यांच्या हातचे होते. बाकी सारे उघडले, पुसले, बदलले. तेवढ्यालाच आम्ही हात लावला नाही. अशी नळी तापलेल्या इंजिनाशेजारी फुटली तर काय होईल, याची कल्पना आम्हांला नव्हती असे नाही. आणि त्याच गाडीत आम्ही आईला बसवणार होतो.

आमचे आजोबा वर्षातून एकदा बासने सोडून पोथ्यांना ऊन दाखवीत. कसर लागलेले पान त्यांच्या हातांनी उतरून काढलेले आम्ही पाहिले आहे. त्या कामाला आजोबा जतन म्हणत नसत. पोथी वाचायची आहे, एवढेच म्हणत. आम्ही मात्र नऊ वर्षे बासनालाच हार घालत होतो.

इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि नवे क्लॅम्प बसवले. नूतनीकरण झाले आणि मार्गशीर्षात आम्ही वाडीला निघालो. अंकलीचा पूल ओलांडताना आमचे लक्ष सारखे इंजिनाच्या आवाजाकडे होते. ते आईच्या लक्षात आले असावे. ती म्हणाली, "अण्णासुद्धा असेच कान देऊन चालवायचे."

आता दर रविवारी गाडी बाहेर निघते. टाकी भरून ठेवत नाही. भरतो तेवढे संपवतो.