धडधड नको, शब्द पोहोचू द्या



गेल्या जयंतीआधी आम्ही पोरांनी वर्गणी काढून मंडळाच्या जुन्या जीपमध्ये साऊंड सिस्टीम बसवली. दुकानदार म्हणाला, "जयंतीसाठी ना? बारा इंची दोन वूफर टाका, काचा हलल्या पाहिजेत." आम्हीही हुरळलो. वस्तीत जाऊन वामनदादा कर्डकांचं गाणं लावलं. एक आजी बाहेर आल्या. म्हणाल्या, "बाळांनो, छाती धडधडतीया, पण वामनदादा काय म्हणतोय ते कळंना."

त्या रात्री आम्ही सगळं उचकटलं.

वूफरचं काम साधारण 100 हर्ट्झच्या खालचं. शब्द कळतात ते त, स, श अशा व्यंजनांमुळे, आणि त्यांचा बराचसा जोर 2,000 हर्ट्झच्या वर असतो. म्हणजे आमचा सगळा पैसा जिथे शब्दच नाहीत तिथे गेला होता. दोन्ही वूफर काढले. 18 मिमी प्लायवूडचा बॉक्स करून मागच्या दाराकडे तोंड केलेले सहा इंची स्पीकर आणि वेगळे ट्वीटर बसवले. इंजिन चालू केलं की कुंई-कुंई आवाज यायचा. सिग्नलची वायर बॅटरीच्या वायरला चिकटून गेली होती आणि अर्थिंग रंगावरच कसलं होतं. वायर दुसऱ्या बाजूने नेली, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थ दिला, बॅटरीजवळच 30 अँपिअरचा फ्यूज टाकला. पुन्हा तेच गाणं लावलं. आजी शेवटपर्यंत ओट्यावर बसून ऐकत होत्या.

आता काही जण म्हणतील, "बघा, यांनाही पटलं, जयंतीचा डीजे बंदच करा." नाही! आमच्या 14 एप्रिललाच ज्यांचे कान दुखतात, त्यांना स्वतःच्या मिरवणुकीचा दणदणाट कसा चालतो? नियम सर्वांना सारखा हवा. त्यांच्या नाकं मुरडण्याला भिऊन आम्ही वूफर काढलेले नाहीत.

आमचा मुद्दा वेगळा आहे. 2015 मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्या वादातून एका तरुणाचा खून झाला. मोबाइलला कुठला आलाय वूफर? जातीयवाद्यांना आवाज डाचत नाही, शब्द डाचतात. आणि आपणच ते शब्द धडधडीखाली गाडायचे?

1930 च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. त्यांच्या जीपमध्ये सिस्टीम नव्हती, जीपच नव्हती. तरी बाबासाहेबांचा विचार अडाणी माणसापर्यंत पोहोचला, कारण शब्द ऐकू येत होते.

तेव्हा पोरांनो, यंदा वर्गणी काढाल तेव्हा वॅट विचारू नका. वस्तीच्या शेवटच्या घरातल्या माणसाला विचारा, काय ऐकू आलं? त्याला ओळ सांगता आली, तरच सिस्टीम बसली म्हणायची.

जयभीम!